पाणी कडेला चढतं, मग पारा का नाही?

पत्रिकेत विषय ‘द्रवाचा पृष्ठभाग वक्र का होतो’ असा छापलाय. पृष्ठताणाची, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आक्रसू पाहतो त्याची, व्याख्या सगळ्यांचीच पाठ आहे, ती सोडतो. पण ‘का’कडे जाण्याआधी ब्युरेटबद्दल, म्हणजे किती द्रव सोडला ते मोजायच्या, खुणा आखलेल्या आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीबद्दल, थोडं बोलायचंय. थोडंच. हसू नका, माझं व्याख्यान आधी ऐकलेली मंडळी कुठे बसलीत ते कळतंय मला.

बारावीच्या प्रॅक्टिकलला मंत्र दिला जातो: रंगहीन द्रावण असेल तर खालचा मेनिस्कस (नळीतल्या द्रवाचा वक्र पृष्ठभाग) वाचा, पोटॅशियम परमँगनेट असेल तर वरचा. का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘सर, तसंच असतं’. आता हिशेब बघा. ५० मिलिची ब्युरेट आतून साधारण ११ मिमी रुंद असते, म्हणजे ०.१ मिलिचा एक भाग जेमतेम १ मिमी उंच. वक्राचा तळ आणि काचेला भिडलेली कड यांत अडीच-तीन मिमीचं अंतर, म्हणजे पाव मिलि किंवा थोडं जास्तच. परमँगनेट इतकं गडद की तळ दिसत नाही, म्हणून कड वाचायची. यापलीकडे त्यात गूढ काही नाही. शेवटी आपण दोन रीडिंगांची वजाबाकीच करतो, त्यामुळे दोन्ही वेळा कडच वाचली तर काही बिघडत नाही. सुरुवातीचं वरून आणि शेवटचं खालून घेतलं, की १० मिलिमागे अडीच टक्के गेले. मग तिसरं रीडिंग ‘जुळवलं’ जातं. कसं, ते या सभागृहात सांगायला नको. पिपेटला, म्हणजे ठरावीक मापाचा द्रव उचलायच्या नळीला, मात्र ही सवलत नाही. तिथे खूण एकच, आणि ती वक्राच्या तळासाठी आखलेली.

आता माझी खरी तक्रार. वरचा की खालचा यावर भांडणारे ब्युरेट स्वच्छ आहे का, हे बघतच नाहीत. पाणी भरा, सोडा, आणि आतली भिंत बघा. पाण्याचा पातळ, अखंड पापुद्रा राहिला तर काच स्वच्छ. थेंब थेंब चिकटून राहिले तर तेलकटपणा आहे, आणि बहुतेक वेळा तो तोटीला फासलेल्या व्हॅसलीनचा असतो. (टेफ्लॉनच्या तोटीला व्हॅसलीन लागतच नाही, तरी फासतात!) ते चिकटलेले थेंब रीडिंगमध्ये मोजले जातात, पण फ्लास्कमध्ये पोचलेले नसतात. उपाय साधा: साबणाचं सौम्य पाणी, लांब ब्रश, भरपूर नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी भरायच्या द्रावणानेच दोनदा खळबळणं. फनेल काढून ठेवा, टोकातला हवेचा बुडबुडा घालवा, तोटी बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. मागे अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद धरा, काळी कड वक्राच्या मिलिमीटरभर खाली. आणि डोळा समपातळीत. वरून वाकून बघितलं तर ब्युरेटवर आकडा कमी दिसतो, मोजपात्रावर जास्त, कारण ब्युरेटचं शून्य वर असतं.

मोजपात्रावरून आठवलं. हल्ली पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांत पाण्याचा पृष्ठभाग जवळपास सपाट राहतो आणि मुलं खालचा मेनिस्कस शोधत बसतात. बिचारी इमानदारीने काढतातही, आकृतीत.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. बरं, आता मूळ विषय, भराभर.

पुस्तक सांगतं, काच पाण्याला ओढते आणि पाऱ्याला ओढत नाही. दुसरा भाग चूक. काच पाऱ्यालाही ओढते. प्रश्न असतो तो किती, आणि द्रव स्वतःला किती धरून ठेवतो याचा. काचेची ओढ द्रवाच्या आपसातल्या ओढीच्या बरोबर निम्मी असेल तर स्पर्शकोन (द्रव काचेला भिडतो तिथे द्रवाच्या आतून मोजलेला कोन) ९० अंश, पृष्ठभाग सपाट. निम्म्याहून जास्त असेल तर द्रव कडेला चढतो, कमी असेल तर कडेला दबतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा कोन शून्याच्या आसपास, पाऱ्याचा सुमारे १४० अंश. म्हणजे पाऱ्यासाठी काचेची ओढ निम्म्याच्या खूप खाली, साधारण आठवा हिस्सा, पण शून्य नव्हे. तेलकट काच किंवा प्लास्टिक पाण्याला ९०च्या आसपास नेतं. हा कोन तीन पृष्ठभागांच्या (काच-द्रव, काच-हवा, द्रव-हवा) ताणांवरून ठरतो, हे टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडलं, जवळजवळ एकही समीकरण न लिहिता. लाप्लास यांनी १८०६ मध्ये गणित घातलं.

कोन ठरतो तो फक्त भिंतीशी. पुढे गुरुत्व पृष्ठभाग सपाट करतं. पाण्यासाठी ही झटापट २.७ मिमीच्या मापात चालते. म्हणून बादलीत फक्त कड वळते, फार तर ३.८ मिमी चढते, आणि मधलं पाणी सपाट. नळी त्या मापाहून बारीक झाली की सपाट व्हायला जागाच उरत नाही. पृष्ठभाग वाटीसारखा होतो, त्याच्या लगेच खालचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो आणि पाणी वर येतं: त्रिज्या १ मिमी असेल तर दीड सेंमी, ०.१ मिमी असेल तर १५ सेंमी. त्रिज्या आणि उंचीचं हे व्यस्त प्रमाण ज्युरिन यांनी १७१८ मध्येच दाखवलं होतं.

पाऱ्याचं सगळं उलट: वक्राचा माथा वाचायचा, आणि नळी बारीक असेल तर पारा थोडा दबतो म्हणून दुरुस्ती मिळवायची. फोर्टिन बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचं पाऱ्याचं उपकरण) वाचण्याआधी नळीवर बोटाने हलकी टिचकी मारतात, कारण पारा काचेला धरून बसतो आणि घुमट नीट बनत नाही. पारा काचेला धरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही टिचकी जरूर मारून बघावी. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलाशी विचारा, पुढच्या वक्त्यांची वेळ झाली.