नंबर उघडा कुणी केला?

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या चाटी गल्लीतले दुकानदार असोत की अक्कलकोट रस्त्यावरचे टॉवेल कारखानदार, प्रश्न एकच विचारतात: "लोकांचे फोन नंबर सगळीकडं उघडेच पडलेत. धंद्यासाठी घेतले तर बिघडलं कुठं?"

पण तो नंबर उघडा कुणी केला, हे आधी बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ३ मध्ये सूट आहे. माहिती ज्याची त्यानंच जाहीर केली असेल, किंवा कायद्यानं भाग पडलं म्हणून कुणी जाहीर केली असेल, तर तिला हा कायदा लागू नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती वापरण्याआधी ज्याची त्याची संमती घेण्यासारख्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

पंढरपूरच्या लॉजमालकानं स्वतःच्या फेसबुक पानावर नंबर दिलाय. चादरींचे भाव कळवायला तो टिपून घेतलात, तर या कायद्याची आडकाठी नाही. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर गृहप्रकल्प आणि त्यांचे बिल्डर दिसतात, कारण रेरा कायद्यानंच ती माहिती लोकांसाठी खुली ठेवायला लावलीय. पडदे विकणाऱ्यानं तिथून यादी केली तरी हरकत नाही.

लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले नंबर मात्र कलम ३ च्या या सवलतीत बसत नाहीत. त्या लोकांना कुणा पाहुण्यानं ग्रुपात घातलेलं असतं. पेनड्राइव्हवर विकत मिळणाऱ्या याद्यांचंही तेच. "पब्लिक डेटा आहे" म्हणणाऱ्याला कुठून आणला ते विचारा, लगेच विषय बदलतो. आणि अशी यादी घेणारेच दुपारी कर्जवाल्याचा फोन आला की चिडतात!

माहिती कायदेशीर मिळाली, म्हणून फोनही बिनधास्त लावायचे का? नाही. तिथं ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम आडवे येतात. नोंदणी न करता साध्या दहा आकडी मोबाईलवरून जाहिरातीचे फोन आणि मेसेज करता येत नाहीत. १९०९ या क्रमांकावर 'जाहिराती नकोत' असं नोंदवलेला ग्राहक तक्रार करू शकतो, आणि तुमचा नंबर बंद पडू शकतो. ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुकानाचा फोन बंद, म्हणजे काय ते तुम्हीच जाणता.

नंबरांची कागदी वही डेटा संरक्षण कायद्यात येत नाही, पण तीच यादी कॉम्प्युटरवर चढवली की येते. चढवतानाच नंबरशेजारी एक रकाना ठेवा: कुठून मिळाला, कधी मिळाला. ज्या नावापुढं तो भरता येत नाही, ते नाव काढून टाका. नमस्कार.