बिनतिकिटाचं ऑलिंपिक

नमस्कार श्रोतेहो.

मी कोल्हापूरची. शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवली. ‘सावधान’, ‘विश्राम’ म्हणून म्हणून घसा बसला तो आजही पुरता सुटलेला नाही, तेव्हा आवाज सांभाळून घ्या. आज मी तुम्हाला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या दोन दिवसांबद्दल सांगणार आहे. या दोन दिवसांत मी एकाही स्टेडियमचं तोंड पाहिलं नाही, तरी माझं ऑलिंपिक झालं.

माझी लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला राहतात. “आई, ये, पॅरिस इथून जवळ आहे,” असं लेक म्हणाली आणि मी गेले. तिकिटांचं बघायला गेलो तर चांगल्या स्पर्धांची केव्हाच संपलेली, उरलेल्यांचे भाव ऐकून मी हात जोडले. जावईबापूंचा चेहरा पडला. लेक मात्र म्हणाली, “आपण घरं बघू या की.” मला वाटलं, पोरगी पॅरिसमध्ये फ्लॅट घेतीय की काय!

तर ही ‘घरं’ म्हणजे काय? ऑलिंपिक ज्या शहरात भरतं तिथं बरेच देश आपापली एक जागा भाड्यानं घेतात. कुणी नाट्यगृह घेतं, कुणी जुना वाडा, कुणी नुसता मांडव घालतं. तिथं मोठा पडदा लावून सामने दाखवतात, आपल्या देशाचं खाणं ठेवतात, नाचगाणी करतात आणि पदक जिंकलेल्या खेळाडूला रात्री मंचावर उभं करतात. ऑलिंपिक व्हिलेजमध्ये बाहेरच्या माणसाला सहज शिरता येत नाही. मग खेळाडूनं आईबापाला भेटायचं कुठं, प्रायोजकानं पाहुण्यांना बसवायचं कुठं, पत्रकारांनी मुलाखत घ्यायची कुठं, या अडचणीतून ही घरं निघाली. डचांनी १९९२ साली बार्सिलोनात आपलं घर थाटलं, एका बिअर कंपनीच्या नावानं. स्वित्झर्लंडनं १९९८ च्या नागानोच्या हिवाळी खेळांपासून सुरुवात केली. आणि हळूहळू दारं आमच्यासारख्या फुकट्या चाहत्यांनाही उघडली. सगळीच नाहीत हं. इटलीचं घर पॅरिसमध्ये बुलोनच्या रानात होतं, ते मुख्यतः निमंत्रितांचं. एका देशाच्या दारात तर आम्ही अर्धा तास उभं राहिलो आणि शेवटी आतल्या माणसानं “यादीत नाव आहे का?” एवढंच विचारून परत पाठवलं. नाव सांगत नाही. लग्नघरी बिनआमंत्रणाचं गेल्यावर तोंडावर आपटायचं, त्यात दोष यजमानाचा की आपला, हे माझं अजून ठरलेलं नाही.

भारताचं घर मात्र त्या वर्षी होतं. पहिल्यांदाच. गंमत बघा. आपल्या नावावरची पहिली ऑलिंपिक पदकं १९०० सालची, नॉर्मन प्रिचार्डची दोन रौप्यं, आणि तीही पॅरिसचीच. त्यानंतर १२४ वर्षांनी त्याच शहरात रिलायन्स फाउंडेशन आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेनं मिळून ‘इंडिया हाउस’ उघडलं, २७ जुलैला. ठिकाण ला व्हिलेत नावाची बाग.

या बागेबद्दल थोडं सांगते, कारण मला ती फार आवडली. पॅरिसच्या ईशान्य टोकाला ५५ हेक्टरांची जागा. मधून कालवा वाहतो आणि बागभर ठिकठिकाणी लाल भडक लोखंडी बांधकामं उभी आहेत. ती कशासाठी असं विचारलं तर म्हणे, कशासाठीच नाही, नुसती बघायला. १९७४ पर्यंत इथं पॅरिसचा कत्तलखाना होता, आणि जो मोठा हॉल आहे तो एकोणिसाव्या शतकातला, गुरांच्या बाजाराचा. आमच्या वडगावच्या जनावरांच्या बाजाराला छप्पर घातलं तर साधारण तसं दिसेल. त्या हॉलमध्ये फ्रान्सचं घर होतं. शेजारच्या झेनिथ नावाच्या मोठ्या प्रेक्षागृहात डच लोक. आणि मग बागभर ब्राझील, कॅनडा, चेक, मंगोलिया, युक्रेन, आपण. गार द्यू नोर स्टेशनवरून पाच नंबरच्या मेट्रोत बसायचं आणि पोर्त द पांतांला उतरायचं. एवढं केलं की देशोदेशी हिंडायला चपला पुरे.

आता १ ऑगस्टची सकाळ ऐका.

घरं उघडायला वेळ होता. पण आम्हाला घाई होती, कारण साडेनऊला स्वप्नीलची फायनल. स्वप्नील कुसाळे, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ५० मीटर रायफल, तीन पोझिशन. नेमबाजी पॅरिसमध्ये नव्हतीच, ती शातोरू नावाच्या गावात होती, अडीचशेच्या वर किलोमीटर लांब. तेव्हा कालव्याच्या काठाला एका बाकावर आम्ही तिघं बसलो. मांडीवर दशम्यांचा डबा, लेकीच्या हातात मोबाईल आणि मोबाईलच्या पडद्यावर आमच्या तिघांची टाळकी.

शेजारच्या बाकावर एक म्हातारा होता. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा असेल. गळ्यात लाल-निळा-पांढरा मफलर, टोपीला वीस-पंचवीस बिल्ले टोचलेले. तोही मोबाईलमध्ये डोकं घालून. लेक हळूच म्हणाली, “आई, ते पण हेच बघतायत.” तो चेक होता. फायनलमध्ये त्यांचा यिर्झी प्रिव्रात्स्की होता.

या खेळात आधी गुडघ्यावर बसून मारायचं, मग पालथं पडून, मग उभं राहून. गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा स्वप्नील सहावा. पालथ्यानंतर पाचवा. मी दशमीचा तुकडा तोंडात घातला तो तसाच राहिला. उभं राहून मारायला लागले की हात थरथरतो, श्वास चुकतो, आणि एकेक जण बाहेर पडायला सुरुवात होते. आमचं पोरगं वर सरकायला लागलं. चौथा. तिसरा. परत अंतर कमी. पोटात नुसता गोळा.

आणि इथं एक मजा झाली. म्हाताऱ्याच्या मोबाईलवरचं चित्र आमच्या चार-पाच सेकंद पुढं होतं. आमच्या पडद्यावर अजून स्वप्नीलनं बंदूक खांद्याला लावलेली, आणि शेजारी म्हातारा “ऑऑऑह” करून कण्हला आणि टोपी काढून गुडघ्यावर आपटली. आम्ही तिघांनी एकदम त्याच्याकडं बघितलं. त्यानं आमच्याकडं बघितलं. आमच्या छातीवरचा तिरंगा त्याला तेव्हा दिसला असावा. तो काही बोलला नाही. नुसता हात पुढं करून माझ्या हातात हात दिला. मी गोंधळले. आणि मग आमच्या मोबाईलवर दिसलं, चेकचा गडी चौथा येऊन बाहेर, स्वप्नीलचं कांस्य पक्कं. पदकाची बातमी मला हरलेल्या माणसाच्या तोंडून कळली, श्रोतेहो.

पुढं सुवर्ण चीनच्या लिउ युकुननं नेलं, रौप्य युक्रेनच्या कुलिशनं, स्वप्नीलचे ४५१.४ गुण. म्हणजे दुसरा, तिसरा आणि चौथा, तिघांचीही घरं आम्ही बसलो होतो त्याच बागेत. आणि स्वप्नील तेव्हा कोण, तर मध्य रेल्वेतला टीसी. बिनतिकीट लोकांना पकडणारा माणूस, आणि त्याचं पदक बघितलं कुणी, तर आम्ही तीन बिनतिकिटांनी!

मी ओरडायचंच विसरले. शेजारी माणूस डोकं धरून बसलेला असताना कसं ओरडणार? शेवटी डबा पुढं केला. त्यानं दशमी घेतली, वास घेतला, खाल्ली. मग टोपीवरचा एक बिल्ला काढला आणि माझ्यासमोर धरला. लेकीनं सांगितलं, “आई, पिन देतायत, बदल्यात आपण काहीतरी द्यायचं असतं.”

हे बिल्ल्यांचं प्रकरण मला तोवर ठाऊक नव्हतं. ऑलिंपिकमध्ये बिल्ल्यांची अदलाबदल हा एक वेगळाच खेळ चालतो. प्रत्येक देशाच्या समितीचा बिल्ला असतो, त्याला भाव जास्त. प्रायोजकांचे असतात, त्यांना कमी. काही जण गळ्यातल्या पट्ट्यावर दुकान मांडल्यासारखे बिल्ले लावून दारोदार फिरतात. घराच्या रांगेत उभं राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही, लहानपणी काड्यापेटीचे छाप बदलायचो तसं. फक्त एक पाळायचं, समोरच्याच्या टोपीला हात लावायचा नाही, बोट दाखवून विचारायचं. आणि पैशाची भाषा काढायची नाही. ती काढली की लोक तुमच्याकडं भंगारवाला बघावा तसं बघतात.

माझ्याकडं बिल्ला कुठला? पण पर्समध्ये किल्ल्यांच्या कड्याला कोल्हापुरी चपलेची जोडी होती, बोटाएवढी, खऱ्या चामड्याची, वर लाल गोंडा. किल्ल्या काढून घेतल्या आणि चपला त्याला दिल्या. त्यानं त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या, आतलं शिवण बघितलं. मी म्हटलं, स्वप्नील, कोल्हापूर, आणि चपलेवर बोट ठेवलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण हसला.

दुपारी इंडिया हाउसला गेलो. कोपऱ्यात योग चाललेला, एकीकडं हस्तकला, एकीकडं खाणं, आणि नाच. फ्रेंच बायका पोरांना घेऊन आलेल्या. आपली माणसं तर विचारूच नका. लंडनहून आलेलं एक कुटुंब, साताऱ्याचं, त्यांनी मला “काकू, तुमचं कोल्हापूर जिंकलं” म्हणून मिठीच मारली. सातारकरानं कोल्हापूरचं कौतुक करायला पॅरिस गाठावं लागतं!

त्या गर्दीत मला खाशाबा जाधव आठवत होते. १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान. जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांसाठी हेलसिंकीत कसलं राष्ट्रीय घर! त्यांचं सगळं आदरातिथ्य झालं ते परत आल्यावर, शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीत. त्यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं गेली. मंचावर दिवे, पडदे, फुलं बघताना मला ते गहाण पडलेलं घर दिसत होतं. प्राचार्यांचं घर हेच आपलं पहिलं इंडिया हाउस, असं मी जावईबापूंना म्हटलं. ते म्हणाले, “आई, रडू नका, लोक बघतायत.” म्हटलं, बघू देत.

डचांच्या घराची एकच गोष्ट सांगते. नारिंगी रंग इतका की डोळ्यांना पंढरपूरच्या भगव्याची सवय असूनही मी दिपले. त्या ऑलिंपिकमध्ये रोइंगची चार सुवर्णपदकं त्यांनी नेली. पदकवाल्याला रात्री आपल्या लोकांसमोर मंचावर आणण्याची त्यांची रीत जुनी आहे, आणि ती करताना ते भाषणं करत नाहीत. कुणी मंत्री नाही, हार नाहीत, दीपप्रज्वलन नाही. दंगा आणि खेळाडू, बस्स. आपल्याकडच्या सत्कारांना एकतीस वर्षं मुलांच्या रांगा लावून मी उन्हात उभी राहिलेय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्टला, चेकच्या घरी गेलो. लेकीनं आधीच नाव नोंदवलं होतं. बहुतेक घरांना हे आधी करावं लागतं, काहींना तिकीटही असतं. २०२८ ला लॉस एंजेलिसला कुणी जाणार असाल, तिथं क्रिकेटही आहे, तर ध्यानात ठेवा. मोठी बॅग नेऊ नका, दारात उलटीपालटी करतात. रात्रीपेक्षा दुपारी जा. आत गेल्यावर कोपरा धरून बसू नका, कुणाच्या तरी टेबलाला जाऊन बसा.

चेकच्या घरात अर्थातच बिअर. फ्रान्समध्ये १९९१ पासून कायदा आहे, स्टेडियममध्ये साध्या प्रेक्षकाला दारू मिळत नाही. त्यामुळं ज्यांना घसा ओला करायचा ते सगळे घरांकडं वळलेले. मी सरबतावर. आणि त्या दिवशी टेनिसच्या मिश्र दुहेरीत त्यांच्या सिनियाकोवा आणि माखाच यांनी सुवर्ण जिंकलं, त्यांचं त्या ऑलिंपिकमधलं पहिलं. अहो, काय तो गलका! अनोळखी माणसांनी माझा पेला उचलून आपल्या पेल्यावर आपटला, सरबत माझ्या साडीवर.

मी साडी झटकत होते तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी हात हलवत येताना दिसलं. तोच म्हातारा. आज गळ्यात मफलर नव्हता, नुसती टोपी. टोपीच्या पुढच्या बाजूला, सगळ्या बिल्ल्यांच्या मधोमध, कोल्हापुरी चपलांची जोडी. त्यानं ती तारेनं घट्ट बांधली होती. आणि माझ्या लेकीला हातवारे करून तो काहीतरी विचारत होता. तिनं मला सांगितलं, “आई, ते विचारतायत, कालची ती गोड भाकरी आणखी आहे का?”