बोटभर जाडीचा डोंगर

(दृश्य: खिडकीजवळचं टेबल. बांबूचं एक कांडं, शेजारी बारीक पात्यांच्या सुऱ्या.)

बांबू आतून पोकळ. कोरायला मिळते ती फक्त त्याची भिंत, जेमतेम सेंटिमीटरभर जाड. तेवढ्यात डोंगर, पाइनची झाडं, झाडाखालचा म्हातारा, सगळं एकामागे एक उभं करायचं. सुरी जरा खोल गेली की आरपार भोक.

जिआदिंग. आज शांघाय शहराचाच एक भाग. सोळाव्या शतकात, मिंग राजवटीत, झू ह इथे बांबू कोरायचा. त्याच्यामागून मुलगा झू यिंग, मग नातू झू झिझेंग. तिघांनाही चित्रकलेची उत्तम जाण होती. त्यांची सुरी कुंचल्यासारखी वळते, ती म्हणूनच.

कोरलेल्या वस्तू जायच्या विद्वानांच्या टेबलावर. कुंचले ठेवायचं भांडं किंवा मनगट टेकायची पट्टी. चिनी लेखन उजवीकडून डावीकडे ओळीओळीने सरकायचं, हात ओल्या शाईवरून जायचा. पट्टीमुळे अक्षर फिसकटत नसे.

आणि बांबूच का? चिनी भाषेत बांबूच्या गाठीला ‘जिए’ म्हणतात. माणसाच्या सचोटीसाठीही हेच अक्षर. पोकळ गाभा म्हणजे नम्र मन. लिहिणाऱ्याच्या मनगटाखाली रोज हा अर्थ असायचा.

(दृश्य: सालीवरचं कोरीवकाम, अगदी जवळून.)

आता हे नीट पाहा. या पद्धतीचं नाव लिउछिंग, म्हणजे हिरवी साल राखणं. चित्रापुरती साल ठेवायची, बाकीची खरवडून काढायची. बांबू आधी उकळून, सावलीत वाळवलेला असतो. त्यामुळे नव्या कामात साल आणि तिच्याखालचा थर दोन्ही फिकेच, फरक जेमतेम कळतो. वर्षं जातात, हात फिरत राहतात. साल हस्तिदंतासारखी पिवळसर होते आणि खालचा थर तांबूस तपकिरी. मिंग काळाच्या अखेरीस झांग शीहुआंगने साल कुठे पूर्ण, कुठे अर्धी, कुठे पापुद्र्याएवढी ठेवून त्यातून शाईच्या चित्रासारख्या छटा काढल्या. पुढे कुठे कोणता रंग उतरेल, हे कोरतानाच मनात बघावं लागतं. या कलेतलं सगळ्यात अवघड काम आम्हाला हेच वाटतं.

2006 साली जिआदिंगची ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली.

(दृश्य: काचेआड एक बारीक नळी.)

ही झू यिंगची धूपनळी. वीतभरही उंच नाही. 1966 साली शांघायजवळच्या बाओशान इथे एका मिंगकालीन थडग्यात सापडली, आता शांघाय म्युझियममध्ये आहे. आत सुगंधी धूप ठेवायचा, वास कोरीव फटींतून बाहेर.

तिच्यावरची गोष्ट लिउ आणि रुआन या दोन मित्रांची. औषधी वनस्पती शोधत ते तिआनताई डोंगरात शिरले, तिथल्या अप्सरांकडे सहा महिने राहिले. गावी परतले, तर दारात त्यांची सातवी पिढी.

झू यिंगने परतीची वाट कोरलेली नाही. इथे पाइनखाली अजून खेळाचा पट मांडलेला आहे.