मागच्या सीटवरून पाहिलेली गाडी

(दृश्य : रविवारची सकाळ. पुण्याच्या उपनगरात रस्त्याकडेला असलेला जुन्या मोटारींचा विक्रीतळ.)

सकाळी नऊच्या सुमारास या तळावर पाणी मारण्याचे आणि फडके फिरवण्याचे काम संपत आलेले असते. टायरांना काळे चकचकीत द्रावण चोपडलेले असते, डॅशबोर्ड तेलकट चमकत असतो आणि पुढच्या काचांवर ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टरांची गाडी’, ‘बटन टायर’ अशी अक्षरे झळकत असतात. गिऱ्हाईक येते, बॉनेट उघडायला लावते, चालकाच्या जागी बसून स्टिअरिंगवरून हात फिरवते आणि पडद्यावर गाणी लागतात की नाही ते पाहते. मागचे दार मात्र क्वचितच कोणी उघडते. वास्तविक घरातली तीन माणसे पुढची सात-आठ वर्षे त्याच दारातून आत-बाहेर करणार असतात.

या निवेदनापुरते आपण एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. नवरा-बायको दोघेही नोकरदार, दोन शाळकरी मुले आणि गुडघ्यांनी बेजार झालेली सत्तरीची आई. हाताशी पाच लाख रुपये आहेत. वर्षातून तीन-चार वेळा कोकणातल्या गावी जायचे असते, एरवी शहरातल्या शहरात फिरणे. गाडी आरामशीर हवी, तिचा खर्च पेलला पाहिजे आणि, हे दोघेही जरा संकोचूनच सांगतात, ती दारात उभी राहिली की देखणी दिसली पाहिजे. संकोचण्यासारखे त्यात काही नाही. माणूस लग्नाला नेसायची पैठणी निवडतो तेव्हा ती टिकाऊ आहे का एवढेच पाहत नाही.

पाच लाख हातात आहेत म्हणून पाच लाखांची गाडी घेता येत नाही, हे पहिल्याच दिवशी मनाशी पक्के करावे लागते. चार टायर आणि बॅटरी बदलायची म्हटली तरी पंचवीस-तीस हजार सहज जातात. शिवाय विमा, नाव बदलण्याचा खर्च, पहिली मोठी सर्व्हिस आणि विकणाऱ्याच्या बोलण्यात कधीही न येणारी क्लचप्लेट. म्हणून या कुटुंबाने गाडीची किंमत सव्वाचार लाखांपर्यंतच ठेवायची आणि उरलेले पैसे गाडी घरी आल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी राखायचे, असे आपण ठरवू.

या पैशांत बाजार दोन वाटा दाखवतो. एक वाट तीन-चार वर्षे वापरलेल्या छोट्या हॅचबॅककडे, म्हणजे मागे डिकी बाहेर न आलेल्या गाडीकडे जाते आणि दुसरी आठ-दहा वर्षे वापरलेल्या मोठ्या सेडानकडे, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या लांब गाडीकडे. बहुतेक जण पहिली वाट धरतात, कारण कमी वय म्हणजे कमी कटकट असा हिशेब असतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु आराम ही गोष्ट गाडीच्या वयापेक्षा तिच्या वर्गावर अधिक अवलंबून असते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर जितके जास्त, तितकी मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा अधिक मिळू शकते, आणि खड्ड्यातून जाताना गाडी पुढे-मागे हेलकावतेही कमी. मारुती सियाझमध्ये हे अंतर २६५० मिलिमीटर आहे, २०१४ साली आलेल्या होंडा सिटीमध्ये २६०० आणि बलेनोसारख्या लोकप्रिय हॅचबॅकमध्ये २५२०. कागदावर सेडान आणि हॅचबॅकमधला हा फरक आठ ते तेरा सेंटिमीटरचा आहे. पण कोकणच्या वाटेवर तीन तास मागे बसलेल्या माणसाला तो अंगाने कळतो.

ही सेडान आज स्वस्त मिळते त्यामागे तिचा काही दोष नाही. गेल्या दहा वर्षांत नव्या गाडीचे गिऱ्हाईक उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्यांकडे वळले आणि सपाट, लांब, डिकी असलेली गाडी फॅशनमधून उतरली. सियाझचे उत्पादन तर २०२५ मध्ये बंदच झाले. फॅशन उतरली की पुनर्विक्रीची किंमत घसरते, आणि पहिल्या मालकाचे हे नुकसान म्हणजेच दुसऱ्या मालकाची सवलत. मात्र मॉडेल बंद होणे आणि कंपनीच निघून जाणे या दोन गोष्टींत महदंतर आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली फियाट लिनिया आजही रस्त्यावरून गेली तर मान वळते, इतकी तिची रेखा सुंदर आहे. पण कंपनीने या देशात आपल्या नावाच्या मोटारी विकणे थांबवल्याला बरीच वर्षे झाली आहेत. शेव्हरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्या वाईट नव्हेत. ज्याच्या ओळखीत चांगला मेकॅनिक आहे आणि ज्याला सुटे भाग शोधत हिंडण्याची हौस आहे, त्याने त्या जरूर घ्याव्यात. आपल्या कुटुंबाकडे या दोन्ही गोष्टी नाहीत.

(दृश्य : तळावरची एक रुपेरी सेडान. मागचे दार उघडते. आई बसण्याचा प्रयत्न करते.)

येथे एक अडचण उभी राहते, जी कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. सेडानची बैठक खाली असते. धडधाकट माणूस तिच्यात आरामात विसावतो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात उतरावे लागते आणि बाहेर पडताना अक्षरशः उठून यावे लागते. आई आत बसल्यावर म्हणेल, ‘ऐसपैस आहे हो’. तिचे खरे मत मात्र ती बाहेर येताना दाराच्या चौकटीला कसा आधार घेते त्यावरून कळेल. म्हणून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तळावर नेणे ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वेळा केली जाणारी तपासणी आहे.

अशा घरासाठी मी एका तिसऱ्या गाडीकडे बोट दाखवीन. होंडा जॅझ २००९ मध्ये भारतात आली तेव्हा हॅचबॅकच्या मानाने तिची किंमत लोकांना पचली नाही. २०१५ मध्ये तिचा पुढचा अवतार आला आणि २०२३ मध्ये तीही बंद झाली. या गाडीत इंधनाची टाकी पुढच्या सीटांखाली बसवलेली असल्यामुळे मागची जमीन जवळजवळ सपाट राहते, मध्ये बसणाऱ्या मुलाच्या पायांत उंचवटा येत नाही आणि डिकीत ३५४ लिटर सामान मावते. बैठक कमरेच्या उंचीला येते. तिच्यात नुसते वळून बसायचे असते. उणीवही सांगितली पाहिजे : मागच्या प्रवाशांसाठी वेगळे एसीचे झरोके नाहीत, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ते जाणवते. सियाझमध्ये ती सोय आहे, शिवाय ५१० लिटरची डिकी आहे. तेव्हा घरात गुडघ्यांची तक्रार नसेल तर माझे मत सेडानला. असेल तर जॅझला.

देखणेपणाचा विचार करताना विक्रेत्याने नंतर चढवलेल्या गोष्टी डोळ्यांआड करून पाहाव्यात. मोठ्या मापाची अलॉय चाके आणि पातळ कडांचे टायर छायाचित्रात उठून दिसतात, पण खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट कण्यापर्यंत पोहोचवतात. रेग्झिनची नवी कोरी सीटकव्हरे उन्हात तापतात आणि बहुधा खालची फाटकी सीट झाकतात. कारखान्यातून जशी आली तशीच राहिलेली, एकाच गडद किंवा मातकट रंगाची गाडी दहा वर्षांनीही जुनाट दिसत नाही. क्रोमची पट्टी मात्र दोन पावसाळ्यांत जुनाट दिसू लागते.

आता तपासणी. तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग पाण्याशी संबंधित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. त्यांतली कित्येक धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आली. याचा अर्थ एमएच-०९, एमएच-१० किंवा एमएच-०८ पासिंगची प्रत्येक गाडी संशयित आहे असा नाही, आणि पुण्या-मुंबईची पासिंग म्हणजे कोरडी गाडी असाही नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहिलेली असते, कारण तो भाग धुवायचे कोणाच्या लक्षात येत नाही. सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती साचली आहे का, हेडलाइटच्या आत धुके दाटते का, हेही पाहावे. गाडीत सुगंधी द्रव्याचा फारच घमघमाट असेल, तर काचा लावून दहा मिनिटे आत बसावे.

मीटरवरचे आकडे मागे नेण्याला या धंद्यात ‘किलोमीटर पाडणे’ म्हणतात. पस्तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. त्यावर नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर तिच्यात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेलच असे धरून चालू नये, आणि एअरबॅगची चौकशी आवृत्तीच्या नावावर न सोपवता स्वतः करावी. २०१४ मध्ये मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत भारतात बनलेल्या फोक्सवॅगन पोलोला एअरबॅगशिवाय शून्य तारे मिळाले होते आणि दोन एअरबॅगांसह चार.

(दृश्य : कात्रजचा घाट. गाडी चढ चढते आहे.)

इंजिन थंड असताना सुरू करण्याचा आग्रह धरावा. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर त्याचे कारण विचारावे. मग पाचही जणांना बसवून, एसी लावून कात्रजचा चढ चढावा. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, वेग चढत नाही. जाणत्याने या फेरीत मागेच बसावे, कारण मागच्या सस्पेन्शनची खडखड पुढे ऐकू येत नाही. परतताना सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकावरूनही गाडी न्यावी. भरलेल्या सेडानचे पोट तेथे घासले, तर ते रोजच घासणार आहे.

गाडी पसंत पडली तरी पैसे देण्याची घाई करू नये. कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे; अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० यांवर सह्या झाल्यावर नाव बदलण्याचा अर्ज आपल्यासमोर दाखल करून घ्यावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नोंदणीतून कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हवेतच. थकलेली ई-चलने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतात. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे विम्याचा हप्ता त्याने सांगितला तेवढाच राहील असे समजू नये. आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवावे लागते. परराज्यातली, विशेषतः दिल्लीकडून आलेली डिझेल गाडी स्वस्त वाटते. तिच्या किमतीत महाराष्ट्राचा रस्ताकर आणि तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र मिळवण्याची दगदग मिळवून पाहावी.

(दृश्य : संध्याकाळ. सोसायटीचे आवार.)

आपल्या कुटुंबाने राखाडी रंगाची पेट्रोल जॅझ घेतली आहे, असे समजू. डाव्या दारावर एक बारीक ओरखडा आहे. त्यासाठी सहा हजार कमी झाले आणि तो तसाच ठेवायचे ठरले. पेढे वाटून झाले, चाकांखाली लिंबे चिरडली गेली. मुले पुढच्या सीटसाठी भांडत आहेत. आईने मागचे दार स्वतःच उघडले, काठी आधी आत ठेवली आणि चौकटीला हात न लावता ती वळून बसली.