वाळूखालचं पाणी

मंडळी, केनियाहून परत आल्यापासून एक प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारलाय. "ताई, तुम्ही सेवेला गेला होतात की सफारीला?" ज्यानं देणगी दिलीय त्याला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, म्हणून आधी हिशोब सांगते. आम्ही चौदा जण गेलो. विमानाचं तिकीट, राहणं-खाणं, गाडी, जंगलाचं प्रवेशशुल्क हे सगळं ज्यानं त्यानं स्वतःच्या खिशातून भरलं. मंडळाच्या निधीतला एक रुपयाही प्रवासाला लागला नाही, तो सगळा तिथल्या बंधाऱ्याच्या सिमेंटला आणि सळईला गेला. पुढच्या खेपेला जे जाणार आहेत त्यांनी हा नियम मोडू नये, अशी हात जोडून विनंती आहे.

नैरोबीहून मोम्बासाचा हमरस्ता धरायचा आणि मध्येच आत वळायचं, की मकुएनी काउंटी लागते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. हा कांबा लोकांचा मुलूख. तांबडी माती, काटेरी बाभळी आणि कोरडे ओढे. माझं बालपण माण तालुक्यात गेलं. गाडीतून उतरल्यावर समोर नदीचं पांढरंफटक पात्र दिसलं आणि मला आमची माणगंगाच आठवली. तिथे पावसाचे हंगाम दोन, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पडतो तेव्हा झोडपून काढतो आणि सगळं पाणी बघता बघता वाहून जातं. २०२० च्या अखेरीपासून तर ओळीनं पाच हंगाम पावसानं दगा दिला.

या ओढ्यांवर तिथले लोक वाळूचे बंधारे घालतात. नावावरून वाटतं वाळूनं बांधलेला, पण भिंत काँक्रीटची असते. खाली पक्का कातळ लागेपर्यंत पाया खणायचा आणि ओढ्याच्या पात्रात आडवी भिंत उभी करायची. पुराबरोबर जाड वाळू येते ती भिंतीमागे बसते, हलका गाळ वरून निघून जातो. दोन-तीन पावसाळ्यांत वाळू भिंतीच्या माथ्यापर्यंत येते. आपल्याकडे बंधारा गाळा-वाळूनं भरून आला की आपण कपाळाला हात लावतो, तिथे तो भरावा म्हणूनच बांधतात. कारण वाळूच्या कणाकणांमध्ये पाणी साठतं, घनफळाच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत. ऊन वरचा दोन-तीन फुटांचा थर सुकवतं, त्याखाली त्याचा हात पोचत नाही. डास होत नाहीत आणि पाणी वाळूतून गाळून येतं.

हे मी आधी वाचलं होतं. पण आम्ही गेलो त्या सकाळी माझ्याच वयाची एक बाई पात्रात गुडघे टेकून बसली होती. हातात वाळलेल्या भोपळ्याचं अर्धं कवच. तिनं वाळू बाजूला सारली. आधी ओल लागली, मग हाताएवढ्या खोल खड्ड्यात गढूळ पाणी पाझरायला लागलं. पहिली दोन कवचं तिनं फेकून दिली आणि स्वस्थ बसून राहिली. तिसऱ्यांदा निवळशंख पाणी आलं. ते पिवळ्या कॅनमध्ये ओतत राहिली, वीस लिटरचा कॅन भरेपर्यंत. मग दोराचा पट्टा कपाळाला लावून कॅन पाठीवर घेतला आणि चढ चढून गेली. मंडळी, हा झिरा आहे! माझी आजी माणगंगेत करवंटीनं असाच झिरा उकरायची. आमच्या पात्रातली वाळू ट्रकांनी गेली आणि तिच्याबरोबर झिरेही गेले. मकुएनीत वाळूउपसा होताच, पण त्या काउंटीनं २०१५ साली वाळू राखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. हे ऐकताना मला आपल्याकडची आठवण होऊन फार वाईट वाटलं.

आणि बांधतं कोण? गावाचा बचत गट. एकत्र येऊन एकमेकांच्या कामाला हात लावायची कांबा लोकांची जुनी रीत आहे, तिला मुएथ्या म्हणतात. दगड त्यांनी फोडले, वाळू त्यांनी वाहिली, जागा त्यांनी ठरवली. आम्ही दोन दिवस घमेली पुढे सरकवली. दुपारी मका आणि घेवड्याचं मुथोकोई त्यांच्या पंगतीत बसून खाल्लं. आपण पाहुणे होतो. 'लाभार्थी' हा शब्द मी तिथून आल्यावर अहवालातून काढून टाकलाय.

एक चूक आमच्या हातून झाली, ती लपवणार नाही. गावच्या शाळेत आम्ही चॉकलेटं वाटायला काढली. क्षणात झुंबड उडाली. पाच-सहा वर्षांची एक मुलगी खाली पडली आणि तिचा गुडघा फुटला. तिच्या रडण्यापेक्षाही माझ्या लक्षात राहिली ती मागे उभी राहिलेली मोठी मुलं. त्यांनी हात पुढे केला नव्हता आणि ती आमच्याकडे बघत होती. शिक्षकांनी शांतपणे सांगितलं, द्यायचं तर शाळेच्या हाती द्या, मुलांच्या हाती नको. आता आपल्या सामानात खाऊची पिशवी असणार नाही.

तिथून पुढे सगल्ला. त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची शेतं. तिथलं दुखणं हत्तीचं. रात्री कळप येतो आणि वर्षाचा मका तासाभरात संपवतो. त्यावर तिथे मधमाश्यांचं कुंपण केलंय. दर दहा मीटरवर एक पेटी टांगलेली आणि सगळ्या पेट्या तारेनं जोडलेल्या. हत्तीनं तार ढकलली की पेट्या हिंदकळतात आणि माश्या बाहेर पडतात. एवढा मोठा जीव, पण डोळ्याभोवती आणि सोंडेच्या आत डंख बसतो म्हणून तो माशीला भितो. बहुतेक कळप कुंपणावरून मागे फिरतात, शिवाय मध विकता येतो. मात्र दुष्काळात फुलोरा नसतो, माश्या पेट्या सोडून जातात, आणि नेमका तेव्हाच हत्ती जास्त भुकेलेला असतो. एका शेतकरीण बाईनं मला विचारलं, "उद्या तुम्ही आत जाऊन हत्तींचे फोटो काढणार ना? तेच हत्ती माझ्याकडे येतात."

म्हणून सफारी शेवटी ठेवावी असं मी म्हणते. बक्षीस म्हणून नव्हे. ती शेतं आधी पाहिली नसती तर त्सावोतला हत्ती मला नुसता देखणा दिसला असता. तो देखणा आहेच. तिथली तांबडी धूळ अंगावर घेऊन तो विटेच्या रंगाचा होतो, आणि संध्याकाळच्या उन्हात कळप निघाला की जमीनच चालायला लागल्यासारखी वाटते. पण मला त्याची भूकही दिसत होती. २०२२ च्या दुष्काळात फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात २०५ हत्ती मेल्याची सरकारी नोंद आहे. रात्री शेतात शिरणारा आणि पाण्यावाचून मरणारा, दोन्ही तोच.

शेवटच्या दिवशी सकाळी व्होई नदीच्या पात्राशी गाडी थांबली. नदी ठणठणीत कोरडी. एक हत्तीण पात्रात उतरली. तिनं पुढच्या पायानं वाळू मागे लोटली, सोंडेनं उकरली, पुन्हा पायानं लोटली. खड्डा खोल झाला तशी सोंड आत घातली आणि पहिली सोंड भरून पाणी बाजूला फवारून टाकलं. मग ती थांबली. पिल्लू घाई करत होतं, त्याला तिनं पायानं अडवून धरलं. गाडीत कोणी बोलत नव्हतं. आमच्यातल्या एका आजींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "निवळू देतेय गं ती."