निकॉन झेड फाइव्ह: गड्ड्यासाठी हो, नान्नजसाठी थांबा

नमस्कार मंडळी! हा माझ्या हातातला निकॉन झेड फाइव्ह कॅमेरा. 2020 सालचा, 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. 2025 मध्ये झेड फाइव्ह टू आला, आणि हा आता सेकंडहँडमध्ये आपल्यासारख्या हौशी लोकांच्या आवाक्यात आलाय. घ्यावा का?

सोलापूरकरांना सिद्धेश्वराची गड्डा यात्रा वेगळी सांगायला नको. यात्रेतल्या होमप्रदीपनाच्या रात्री नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेललेल्या उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात, तेव्हा वर दिवे झगमगत असतात, अंगातल्या पांढऱ्या बाराबंद्या उठून दिसतात, पण चेहरे मात्र अंधारात. माझ्या जुन्या क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 6400 केला की चेहरे रवाळ व्हायचे. फार वाईट वाटायचं हो, वर्षातून एकदाच मिळणारा क्षण तो! फुल फ्रेमचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ क्रॉपच्या साधारण 2.3 पट. तेच शटर, तेच अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ठेवलं तरी एकूण प्रकाश तितकाच जास्त गोळा होतो. आता 6400 ला नंदीध्वज पेलणाऱ्याच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो.

बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे. पण ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची पावलं नाही. म्हणून मिरवणुकीत शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर रात्री मंदिराचं प्रतिबिंब टिपताना मात्र त्याची खरी किंमत कळते. तिथे मी हातात धरून 1/8 सेकंदाला फोटो काढलेत.

आता सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातले काळवीट. इथे मी नको म्हणेन. सेकंदाला साडेचारच फोटो, आणि लांबचं जवळ दिसावं म्हणून क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग) लावला तर जेमतेम 10 मेगापिक्सेल उरतात. लांब लेन्सचा खर्च वेगळाच. व्हिडिओवालेही थांबा, फोर-के मध्ये फ्रेम 1.7 पट कापली जाते.

घरात निकॉनच्या जुन्या डी लेन्स असतील तर ऐका: एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारा जोड) त्या बसतात, पण ऑटोफोकस चालत नाही. एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेल्या लेन्सचा, चालतो. नव्याने घ्यायची तर 40 एमएम एफ 2 घ्या, 170 ग्रॅमची आहे, गर्दीत खुपत नाही.

आणि पैसे मोजण्याआधी कॅमेरा घेऊन दुकानाबाहेर या. एफ 16 ला निरभ्र आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवर डाग असतील तर लगेच दिसतील. कार्डाचे दोन्ही स्लॉट चालवून बघा.