रक्त थांबत नाही, फक्त कमी पडते

मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला असे म्हटले की आपल्याला पक्षाघात आठवतो: गुठळी अडकते आणि बघता बघता हात लुळा पडतो. आज मला बोलायचे आहे ते याहून चोरपावलांनी येणाऱ्या अवस्थेविषयी, जिच्यात रक्त थांबत नाही, पण आठवडेच्या आठवडे कमी येत राहते. वृद्ध माणसात वय, रक्तदाब आणि मधुमेह एकत्र नांदत असल्याने यातला रक्तप्रवाहाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या उंदरांकडे गेला.

उंदराच्या मानेतील दोन्ही कॅरोटिड धमन्या कायमच्या बांधल्या तरी बहुतेक उंदीर जगतात. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते, त्याला विलिसचे वर्तुळ म्हणतात. मणक्यांलगत वर चढणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्यांचे रक्त या कड्यातून पुढच्या भागाला मिळते. जर्बिल या वाळवंटी प्राण्यात हे कडे अपुरे असते, त्यामुळे तीच शस्त्रक्रिया त्याच्या जिवावर बेतते. उंदरात सुरुवातीला मेंदूच्या बाह्यस्तरातील प्रवाह नेहमीच्या साधारण ३५ ते ४५ टक्क्यांवर येतो, तर हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात तो ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. पुढे व्हर्टिब्रल धमन्या रुंदावतात आणि दोन-तीन महिन्यांत प्रवाह बराचसा सावरतो.

आता चयापचय. मेंदूजवळ ग्लुकोजचा साठा जवळजवळ नसतो, त्याचे सगळे हातावर पोट. तरीही तुटवडा आल्यावर पेशी एकदम कोसळत नाही. दुष्काळात घर आधी डागडुजी लांबणीवर टाकते आणि चूल सर्वांत शेवटी विझते, तसाच काहीसा क्रम इथे दिसतो. मेंदू-संशोधक होसमान यांनी १९९४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून याचे उंबरठे मांडले. एक ग्रॅम मेंदूला मिनिटाला मिळणारे रक्त सुमारे ०.५५ मिलिलिटरवर उतरले की प्रथिनांची निर्मिती निम्म्यावर येते, ०.३५ च्या खाली ऑक्सिजनविना ग्लुकोज जाळण्याची धडपड वाढून लॅक्टेट हे त्यातून उरणारे आम्ल साचते, ०.२० च्या सुमारास एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, चणचण सुरू होते, आणि ०.१५ च्याही खाली गेल्यावर पेशीपटलावरचा विद्युतभार ढासळतो. धमन्या बांधलेल्या उंदराचा मेंदू बहुतांशी या उतरणीच्या वरच्या पायऱ्यांवर असतो. तिथे पेशी जिवंत असते, पण नवी प्रथिने पुरेशी बनत नाहीत, आणि टिकाऊ स्मृतीला तर नेमकी तीच लागतात. माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. मेलेल्या पेशी मोजण्यावर आपण गरजेपेक्षा जास्त भर देतो.

अर्थात पेशी मरतातही. किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिलमध्ये दाखवले की रक्त केवळ पाच मिनिटे अडवले तरी हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या पट्ट्यातील पेशी त्यानंतर काही दिवसांनी मरतात. उंदरात नुसत्या कमी प्रवाहाने होणारी हानी याहून सावकाश होते, तरी सीए-१ तिथेही नाजूकच ठरतो.

स्मृती मोजण्याची प्रचलित रीत म्हणजे रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली पाण्याच्या हौदाची चाचणी. दूध घालून गढूळ केलेल्या पाण्यात, पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो. निरोगी उंदीर पहिल्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने पोहत राहतो, पण पाच-सहा दिवसांत खोलीतल्या खुणांवरून थेट चौथऱ्याकडे निघतो. धमन्या बांधलेला उंदीर तितक्याच दिवसांनंतरही लांबचे फेरे मारतो, आणि चौथरा काढून घेतल्यावर त्या जागेभोवती फारसा घुटमळत नाही.

हा स्मृतिभ्रंशच, असे म्हणण्याची मात्र घाई नको. डोळ्यांनाही रक्त कॅरोटिडमधूनच जाते, आणि या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच उंदरांच्या डोळ्यांच्या नसा खराब होतात. ज्याला खिडकी आणि भिंतीवरचे चित्र दिसतच नाही, तो वाट विसरला की त्याला वाट दिसलीच नाही, हे हौदाच्या काठावर घड्याळ घेऊन बसलेल्याला कसे कळणार? म्हणून चौथरा पाण्यावर उघडा ठेवूनही एक फेरी घ्यावी लागते. त्याआधी प्रत्येक उंदराच्या डोळ्यावर बॅटरीचा झोत टाकून पाहावा. बाहुली आकसली नाही, तर त्या उंदराचे आकडे स्मृतीच्या तक्त्यात धरू नयेत.